जिन्यातले शेजारी : फासबिंडरचा अली, एमी आणि जर्मन सिनेमातली सज्जन माणसं

पिंपळपान

जर्मन दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडरचा 'आंग्स्ट एसन झेले आउफ' हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, जर्मन शिकत असताना. शीर्षकापाशीच अडले. 'आंग्स्ट' म्हणजे भीती, एकवचन. वर्गात घोकलेल्या नियमाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलायला हवं होतं, आणि पडद्यावर तर ते कोरंच्या कोरं ठेवलेलं. मराठीत आणायचं तर 'भीती आत्मा खाऊन टाकणे', असं काहीसं. सिनेमा पुढे सरकला तेव्हा कळलं की हे वाक्य अलीचं आहे. मोरोक्कोहून आलेला, म्युनिकमध्ये गॅरेजात राबणारा अली. त्याला जर्मन कुणी शिकवलेलंच नाही. कामाच्या जागी कानावर पडलं तेवढंच त्याचं. आणि फासबिंडरने 1974 साली ते मोडकं वाक्य जसंच्या तसं सिनेमाचं नाव म्हणून लावलं.

गोष्ट अगदी छोटी आहे. साठीतली विधवा एमी लोकांची ऑफिसं झाडते-पुसते. एका पावसाळी संध्याकाळी आडोशाला म्हणून एका बारमध्ये शिरते. तिथली एक बाई अलीला डिवचते, जा, त्या म्हातारीबरोबर नाच. तो जातो, नाचतो, तिला घरापर्यंत सोडतो, कॉफीसाठी थांबतो. काही दिवसांत दोघं लग्न करतात. त्यानंतर बाकीची माणसं जे करतात, तो सिनेमा.

मला सगळ्यात जास्त हे जाणवतं की यात खलनायक नाही. वाणी अलीचं जर्मन कळत नसल्याचं दाखवून त्याला माल नाकारतो. जिन्यातल्या शेजारणी कुजबुजतात, जिना घाण होतो म्हणून एमीला सुनावतात. बरोबर काम करणाऱ्या बायका डबा खाताना तिच्याकडे पाठ करतात. एमी तिन्ही मुलांना बोलावून अलीची ओळख करून देते, तेव्हा एक मुलगा उठून लाथ मारून टीव्ही फोडतो. (डग्लस सर्कच्या 1955 सालच्या हॉलिवूडपटात मुलं विधवा आईला टीव्ही भेट देतात, की आता हा पाहा आणि घरात बस. फासबिंडर सर्कला फार मानायचा. त्याने त्या टीव्हीचं हे असं केलं.) यातलं कुणीच गुंड नाही. घराचं भाडं वेळेवर भरणारी, दारापुढचं पायपुसणं सरळ करणारी माणसं आहेत ही. घरी येणारे पोलीस तर उलट सभ्यपणे बोलतात.

पण खरा सिनेमा उत्तरार्धात आहे. दोघं काही दिवस बाहेरगावी जाऊन येतात, आणि परतल्यावर सगळे गोड झालेले असतात. वाण्याला गिऱ्हाईक हवंय. शेजारणीला एमीच्या तळघरात सामान ठेवायचंय, ते उचलायला अलीचे हात हवेत. टीव्ही फोडणाऱ्या मुलाला पोर सांभाळायला आई हवी आहे. मन कुणाचंच पालटलेलं नाही, गरज उभी राहिली आहे. आणि जरा मोकळा श्वास मिळताच एमीसुद्धा बदलते. मैत्रिणींना अलीचे दंड चाचपून बघू देते. त्याला कुसकुस खावासा वाटतो तर म्हणते, आता जर्मन जेवणाची सवय करून घे.

तो जिन्यातला प्रसंग तर मी विसरू शकत नाही. कामावर युगोस्लावियाहून एक नवी बाई आली आहे, पगार इतरांपेक्षा कमी. जुन्या बायका जिन्यात बसून पगारवाढीचं बोलतात, त्यांच्यात एमीही आहे. नवी बाई बाजूला एकटी. कॅमेरा कठड्याच्या गजांमधून तिच्याकडे बघतो, आणि थोड्या वेळापूर्वी त्याच गजांमधून त्याने एमीला एकटी बसलेली दाखवलेलं असतं.

पश्चिम जर्मनीने 1955 मध्ये इटलीशी करार करून कामगार आणायला सुरुवात केली. मग स्पेन, ग्रीस, 1961 मध्ये तुर्कस्तान, 1963 मध्ये मोरोक्को. शब्द काढला 'गास्टआर्बायटर', पाहुणा कामगार. पाहुण्याने काम करायचं आणि मुक्काम लांबवायचा नाही. 1973 च्या नोव्हेंबरमध्ये भरती बंद झाली आणि पुढच्याच वर्षी हा सिनेमा आला. चित्रीकरण जेमतेम दोन आठवड्यांत उरकलेलं.

जर्मन भाषेतल्या सिनेमाने समाजावर टीका केली म्हटलं की आपण लगेच हिटलर आणि युद्धाच्या सिनेमांकडे जातो. मला या धाग्यात दुसऱ्या सिनेमांबद्दल बोलायचंय: जे भल्या, नेमस्त, कायदा पाळणाऱ्या माणसाच्या घरात शिरतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, कुठलेही चालतील. तुम्ही पाहिलेले सांगा.

घाटवाट

फार मनापासून लिहिलंय. एक भर घालतो. ही गोष्ट फासबिंडरच्या डोक्यात आधीपासून होती. 1970 च्या त्याच्या 'डेअर अमेरिकानिशं झोल्डाट'मध्ये हॉटेलातली मोलकरीण पलंगाच्या कडेला बसून एमी आणि अलीची कहाणी सांगते. तिथे शेवटी एमीचा खून होतो. चार वर्षांनी त्याने तोच विषय घेतला आणि खून काढून टाकला. मला हा बदल फार मोठा वाटतो. खून झाला की आपण गुन्हेगार शोधतो. खून नसला की शोध आपल्यापर्यंत येतो.

त्याच्याही आधीचा 'काट्सेलमाखर' (1969) बघा. हा बव्हेरियातला दक्षिणेकडच्या परक्या मजुरांसाठीचा शिवीवजा शब्द. इमारतीबाहेर कठड्यावर रिकामटेकडी बसणारी तरुण मंडळी, त्यांच्यात एक ग्रीक कामगार येतो. ती भूमिका फासबिंडरने स्वतः केली आहे. अलीच्या सिनेमात मात्र तो उलट बाजूला आहे: एमीचा कुजका जावई तोच.

नेकारकाठ

मी सात वर्षं जर्मनीत, श्वाबन भागात राहते. तुमचं जिन्याबद्दलचं वाचून लिहावंसं वाटलं.

इकडे 'केरवोखे' नावाची पद्धत आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'केर' मराठीच वाटला. अर्थही तोच, झाडण्याचा आठवडा. इमारतीतल्या प्रत्येक घराने आळीपाळीने जिना झाडायचा-पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवलेली असते. माझ्या पहिल्या घरी पाळी संपवून मी पाटी पुढच्या दारावर लावली, तर संध्याकाळी ती परत माझ्या दारावर. कुणी काही बोललं नाही. मी पुन्हा पुसला. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजी आल्या आणि कठड्याच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवून दाखवलं, तिथे धूळ होती. बाकीच्या घरांच्या कठड्याखाली कोण बोट फिरवत होतं, हे मला कधी कळलं नाही.

त्याच आजी पुढे माझ्या बाळंतपणात रोज सूप घेऊन यायच्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी अजून त्यांची बेरीज करू शकलेली नाही. म्हणूनच एमीचं ते बदलणं मला इतकं लागलं. शेजारीण 'जिना घाण झालाय' म्हणते तेव्हा ती धुळीबद्दल बोलत नसते, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं आणि सिद्ध मात्र करता येत नाही.

सतरंजी

सज्जनांच्या घरात शिरणाऱ्या सिनेमांचा विषय असेल तर 1932 पासून सुरुवात करायला हवी. 'कूलं वाम्पं'. दिग्दर्शक स्लाटान दुडोव्ह, पटकथेत बेर्टोल्ट ब्रेख्त आणि एर्न्स्ट ओटवाल्ट, संगीत हान्स आयस्लर. जर्मनीत तेव्हा साठ लाखांच्या घरात बेकार होते.

सुरुवातीला तरुण पोरांचा घोळका सायकली हाणत कामाच्या शोधात एका फाटकावरून दुसऱ्या फाटकावर धावतो. सगळीकडे नकार. त्यांतला एक घरी येतो. जेवताना बाप बोलतो, आई बोलते, की प्रयत्न केला तर काम मिळतंच. सगळे उठून गेल्यावर तो मनगटावरचं घड्याळ काढतो, जपून बाजूला ठेवतो आणि खिडकीतून उडी टाकतो. घड्याळ फुटू नये, घरच्यांना उपयोगी पडेल, एवढंच. खाली जमलेल्यांपैकी एक बाई म्हणते, एक बेकार कमी झाला.

सेन्सॉरने बंदी घातली आणि मग काटछाट करून सोडला. सेन्सॉरबरोबरच्या बैठकीबद्दल ब्रेख्तने लिहून ठेवलंय. अधिकाऱ्याचा आक्षेप आत्महत्या दाखवण्याला नव्हता. तुम्ही एका माणसाचं दुःख दाखवत नाही, तो पोरगा कुणीही असू शकतो असं दाखवता, हा आक्षेप होता. ब्रेख्तचं म्हणणं, आम्हाला काय करायचंय हे या माणसाला समीक्षकांपेक्षा नीट कळलं. पुढच्या वर्षी नाझी आले आणि सिनेमावर पुन्हा बंदी.

आपल्याकडे ब्रेख्त नाटकांतून आला. विजयाबाईंचं 'अजब न्याय वर्तुळाचा', पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा'. त्याचा हा सिनेमा मात्र ब्रेख्त करणाऱ्या मंडळींनीही फारसा पाहिलेला दिसत नाही. जरूर बघा.

निंबोणी

सगळं वाचतेय. माझा थोडा विरोध आहे, राग मानू नका.

अली आपल्याला कसा दिसतो? अंघोळ करताना, आरशात, बायकांच्या नजरेतून. त्याची आई कुठे आहे, तो पैसे कुणाला पाठवतो, रात्री झोप लागत नाही तेव्हा कुठल्या भाषेत विचार करतो, यातलं जवळपास काहीच नाही. जर्मन समाजावरची ती टीका जर्मन माणसाने जर्मन माणसासाठी केलेली आहे, आणि त्यात परका माणूस आरसा धरायला उभा केलाय. आरसा धरणाऱ्याचे हातही दुखतात.

म्हणून त्याच्या जोडीला 1975 चा 'इन डेअर फ्रेम्डं' (परक्या मुलखात) बघा. दिग्दर्शक इराणचे सोहराब शाहिद सालेस. बर्लिनमधला तुर्की कामगार हुसेन. कारखान्यात एकाच यंत्रावर दिवसभर तीच एक हालचाल, मग ट्रेन, मग अनेक जण दाटीने राहतात ते घर. कुणी त्याला मारत नाही, ओरडत नाही. कुणी त्याच्याकडे बघतच नाही. सिनेमा इतका संथ आहे की तुम्हाला त्या यंत्राची सवय होते आणि त्या सवयीचीच भीती वाटायला लागते. फासबिंडरकडे निदान नाच आहे, रंग आहेत. इथे फक्त शिफ्ट आहे.

दुसरा, तेवफिक बाशेर यांचा '40 क्वाड्राटमीटर डॉइचलांड' (1986). हॅम्बुर्गमधल्या चाळीस चौरस मीटरच्या घरात नवऱ्याने कोंडून ठेवलेली तुर्की बायको. बाहेर जर्मनी आहे, पण तिच्या वाट्याला खिडकीपुरताच. जर्मनांनाही सोडलेलं नाही आणि स्वतःच्या घरालाही नाही. हे धैर्य मला जास्त वाटतं.

पिंपळपान

निंबोणी, राग कसला, याचसाठी धागा काढला. तुमचं पहिलं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. फक्त एक गोष्ट बघा. 'अली' हे त्याचं नावच नाही. खरं नाव लांबलचक आहे, ते तो एमीला सांगतो. पण सगळे अली म्हणतात म्हणून तोही अली. म्हणजे त्याचं काहीच आपल्यापर्यंत पोचत नाही, हे फासबिंडरला ठाऊक होतं. तुम्ही म्हणाल, ठाऊक होतं तर पोचवायचं होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि शेवट. अली पुन्हा एमीबरोबर नाचतो आणि नाचताना कोसळतो. पोटात अल्सर फुटलाय. डॉक्टर म्हणतात, परक्या कामगारांमध्ये हे नेहमीचं, ताण फार असतो. आत्ता ऑपरेशन करू, सहा महिन्यांनी परत येईल. शीर्षकातली भीती आत्मा खात होती, तिने जठर खाल्लं. इतकी माणसं इतक्या बारकाईने दाखवल्यावर निदान एका वाक्यात, तेही डॉक्टर हात धुतल्यासारखं बोलून जातात. सालेसचा सिनेमा मी पाहिलेला नाही, या शनिवारी बघते.

खलाशी

पूर्व जर्मनी राहिलीच की! तिथे तर सज्जनांवर टीका म्हणजे थेट राज्यावर टीका.

डिसेंबर 1965 मध्ये सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीची 11 वी बैठक झाली. त्या बैठकीने 'डेफा' या सरकारी स्टुडिओचं जवळजवळ वर्षभराचं काम कपाटात गेलं. कुर्ट मेट्सिगच्या 'डास कानिन्शन बिन इश' (मी ससा आहे) वरून या सगळ्या अडकलेल्या सिनेमांना 'ससा-सिनेमे' असंच नाव पडलं. गोष्ट अशी की एका मुलीच्या भावाला राज्याविरुद्ध चिथावणीच्या आरोपाखाली शिक्षा होते आणि ती प्रेमात पडते ती नेमकी शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाच्या. हा न्यायाधीश क्रूर नाही. हवा ज्या बाजूला वाहते त्या बाजूचा न्याय देतो, इतकंच. मेट्सिग हा पक्षाचा विश्वासू माणूस होता. परक्याने टीका केली असती तर इतकं झोंबलं नसतं.

फ्रांक बायरचा 'श्पूर डेअर श्टाइनं' 1966 मध्ये लागला आणि काही दिवसांतच उतरवला. थेटरात पक्षाची माणसं बसवून आरडाओरडा करवला होता, 'जनतेचा रोष' दिसावा म्हणून. पुन्हा पडद्यावर आला तो 1989 मध्ये, बर्लिनची भिंत पडताना. तेवीस वर्षं.

आणि ज्या रात्री भिंत उघडली, 9 नोव्हेंबर 1989, त्याच रात्री पूर्व बर्लिनच्या कीनो इंटरनॅशनलमध्ये हाइनर कारोच्या 'कमिंग आउट'चा पहिला खेळ होता. समलिंगी शिक्षकाची गोष्ट, त्या देशात पहिल्यांदाच इतकी उघडपणे सांगितलेली. लोक सिनेमा बघून बाहेर पडले तेव्हा शहर बदललेलं होतं. हा प्रसंग वाचला की मला अजून भरून येतं.

'डास लेबन डेअर आंडरन' (2006) सगळ्यांना आवडतो, मलाही रडवलं त्याने. पण त्यातला श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा अधिकारी पाळत ठेवता ठेवता पाघळतो आणि लेखकाला वाचवतो. होहेनशोनहाउझनच्या तुरुंग-स्मारकाच्या तेव्हाच्या संचालकांनी याच कारणासाठी तिथे चित्रीकरणाला परवानगी नाकारली होती. असा चांगला अधिकारी दाखवणं ही त्या तुरुंगात पिचलेल्यांची थट्टा आहे, अशी त्यांची भूमिका. मला ती पटते. ऑस्कर मिळालेला सिनेमा प्रेक्षकाला दिलासा देतो. ससा-सिनेमा देत नाही.

रानजाई

खलाशी, थोडं असहमत. माणूस बदलू शकतो हे दाखवणं म्हणजे थट्टा कशी? सगळे सिनेमे बोचरेच असायला हवेत का? तरी क्रिस्तियान पेत्सोल्डचा 'बार्बारा' (2012) तुम्हाला नक्की आवडेल. पश्चिमेला जायची परवानगी मागितली म्हणून बर्लिनच्या मोठ्या इस्पितळातून गावात पाठवलेली डॉक्टर. प्रत्येक सहकाऱ्याची चौकशी ही आपुलकी आहे की पाळत, हे तिला कळत नाही आणि आपल्यालाही. सायकल, वारा, झाडं आणि संशय, एवढंच.

सतरंजी

स्वित्झर्लंडचा कुणी उल्लेख केला नाही. माक्स फ्रिश यांचं ते प्रसिद्ध वाक्य, आम्ही कामाला हात बोलावले आणि आली माणसं, हे जर्मनीबद्दलचं म्हणून सांगितलं जातं. प्रत्यक्षात ते 1965 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इटालियन कामगारांबद्दल लिहिलेलं आहे.

'डी श्वाइत्सरमाखर' (1978), दिग्दर्शक रोल्फ लिसी. नागरिकत्व मागणाऱ्यांची चौकशी करणारे दोन पोलीस. घर स्वच्छ आहे का, कचरा ठरल्या दिवशी बाहेर ठेवतात का, शेजारी काय म्हणतात. विनोदी सिनेमा आहे आणि स्विस लोकांनी तो थेटरं भरभरून पाहिला. त्या हशामागे ओळखीची लाज होती असं मला वाटतं. नेकारकाठ यांची कठड्याखालची धूळ वाचून हाच आठवला.

मार्कुस इमहूफचा 'डास बोट इस्ट फोल' (1981) मात्र हसू देत नाही. दुसऱ्या महायुद्धात सीमा ओलांडून गावात आलेले ज्यू निर्वासित. नाव आलंय ते एका स्विस मंत्र्याच्या 1942 च्या भाषणातल्या भरलेल्या बोटीच्या उपमेवरून. गावचा पोलीस नियमाने वागतो. नियमाने वागतो म्हणूनच माणसं परत धाडली जातात.

घाटवाट

ऑस्ट्रियातून मिखाएल हानेके. 'डास वाइसं बांड' (2009), पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरचं उत्तर जर्मनीतलं गाव, पाद्री आपल्या मुलांच्या दंडावर पावित्र्याची आठवण म्हणून पांढरी फीत बांधतो आणि गावात एकामागून एक क्रूर प्रकार घडत राहतात. सिनेमा थोर आहे, पण माझा जीव फासबिंडरमध्ये जास्त आहे. हानेके वरून बघतो. फासबिंडर त्याच जिन्यात बसलेला असतो.

आणखी एक. एमी सहज सांगून जाते की ती नाझी पक्षात होती, तेव्हा सगळेच होते. लग्नानंतर जेवायला जाते ते हिटलर जिथे जेवायचा त्या हॉटेलात, मोठ्या हौसेने. त्यावरून मुंबईची आठवण झाली. बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' (1936) दिग्दर्शित केला म्युनिकच्या फ्रान्झ ओस्टेनने. अस्पृश्यतेवर आपल्याकडे पडद्यावर इतक्या लवकर बोललेला सिनेमा, आणि तो करणारा माणूस त्याच वर्षी नाझी पक्षाचा सदस्य झाला. 1939 मध्ये युद्ध पेटल्यावर इंग्रजांनी त्याला अटक केली. दुसऱ्याच्या जिन्यातली घाण दिसते आणि आपल्या दारात काय चाललंय ते दिसत नाही, याचं यापेक्षा जवळचं उदाहरण मला सापडलेलं नाही.

निंबोणी

फातिह आकिनचा 'आउस डेम निष्ट्स' (2017) राहू नये म्हणून परत आले. हॅम्बुर्गमध्ये बॉम्बस्फोटात नवरा आणि मुलगा गमावलेली काट्या. नवरा कुर्दिश. पोलीस विचारतात काय, तर तो धार्मिक होता का, अमली पदार्थांशी संबंध होता का. हे कल्पनेतलं नाही. एनएसयू या नवनाझी टोळीने 2000 ते 2007 मध्ये दहा खून केले, त्यांतले आठ जण तुर्की मुळांचे. टोळी उघडी पडली 2011 मध्ये. तोवर तपास मेलेल्यांच्याच घरात चालू होता, आणि वर्तमानपत्रं त्याला 'ड्योनर-खून' म्हणत होती, जेवणाच्या पदार्थावरून. त्या वर्षीचा सर्वांत निंद्य शब्द म्हणून जर्मनीत त्याची निवड झाली.

पिंपळपान, अलीच्या पोटातल्या अल्सरचा पुढचा भाग हाच आहे.

नेकारकाठ

निंबोणी, +१. हा सिनेमा मी इथल्या थेटरात पाहिला. मध्यंतर नसतंच इथे. संपल्यावर दिवे लागले तरी कुणी उठेना. माझ्या पुढच्या रांगेत एक तुर्की काका होते, वर्तमानपत्राची घडी हातात धरून बराच वेळ बसून होते. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. जमलं नाही.

पिंपळपान

'इन डेअर फ्रेम्डं' पाहिला. निंबोणी, तुमचं बरोबर होतं. त्यावर वेगळं लिहीन, आत्ता शब्द नाहीत.

त्यानंतर अलीचा सिनेमा पुन्हा लावला, या वेळी आईबरोबर. तिला जर्मन येत नाही, मी शेजारी बसून सांगत होते. आई तीस वर्षं शाळेत शिपाई होती, वर्ग झाडायची. एमीने डबा उघडला आणि बाकीच्यांनी पाठ केली तिथे ती काही बोलली नाही. त्या युगोस्लाव बाईच्या प्रसंगाला मात्र म्हणाली, थांबव, मागे घे. मी मागे घेतलं. तिने तो पुन्हा पाहिला, मग तिसऱ्यांदा. मग विचारलं, "हिचं नाव काय गं?"

योलांडा, मी सांगितलं.

"आमच्याकडेही एक नवी आली होती," आई म्हणाली, आणि बराच वेळ ते नाव आठवत बसली.